एर्झुरूमचा पाडाव आणि 'ग्रीनमँटल' : युद्धकादंबरीतील कार्यकारणभावाचा विचार

१

ऐतिहासिक घटनेवर उभारलेल्या कादंबरीची परीक्षा सामान्यतः दोन कसोट्यांवर होत असते. तिच्यातील तपशील खरा आहे काय, ही पहिली कसोटी. आणि तिच्यातील प्रसंग संभवनीय वाटतात काय, ही दुसरी. ह्या दोन्ही कसोट्यांना उतरूनही एखादी कादंबरी इतिहासाविषयी वाचकाची मूलतः दिशाभूल करू शकते, ही गोष्ट मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते. कारण तपशील आणि संभवनीयता ह्यांखेरीज तिसरा एक प्रश्न उरतोच : घटनेचे जे कारण कादंबरी सुचविते, ते त्या घटनेचा भार पेलणारे आहे काय? जॉन बुकन यांची 'ग्रीनमँटल' ही १९१६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी ह्या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष सोयीची आहे. तिचा शेवट रशियन सैन्याने १९१६ च्या फेब्रुवारीत भर हिवाळ्यात एर्झुरूम घेतले, ह्या सत्य घटनेवर बेतलेला आहे. आणि ती घटना घडल्यापासून आठ-नऊ महिन्यांच्या आतच कादंबरी पुस्तकरूपाने वाचकांच्या हाती पडली. घटना ताजी, तिची बातमी सर्वश्रुत, परंतु ती नेमकी कशी घडली ह्याचे ज्ञान अपुरे, अशा अवस्थेत ही कृती निर्माण झाली. 'काय घडले' हे ठाऊक असता 'कसे घडले' ही रिकामी जागा कादंबरीकार कशाने भरून काढतो, हे पाहण्याची संधी येथे मिळते.

बुकन यांना आपल्या कथानकावर येणाऱ्या एका आक्षेपाची जाणीव होती. अर्पणपत्रिकेत त्यांनी त्याला उत्तरही देऊन ठेवले आहे. ह्या महायुद्धात इतक्या अघटित गोष्टी प्रत्यक्ष घडल्या आहेत की कादंबरीतील घटनांना कोणी असंभाव्य म्हणू नये, असा त्यांचा आशय आहे. हे उत्तर चतुर आहे व एका मर्यादेपर्यंत योग्यही आहे. परंतु ते दुसऱ्या कसोटीपुरते आहे. तिसऱ्या कसोटीला ते स्पर्श करीत नाही.

२

प्रथम कथानकाची रूपरेषा. लूसच्या लढाईत जखमी झालेला मेजर रिचर्ड हॅने विश्रांती घेत असताना परराष्ट्र खात्यातील सर वॉल्टर बुलिव्हंट त्याला बोलावून घेतात. मुसलमानी जगात एक नवा धर्मपुरुष प्रकट होत असून त्याच्या आधाराने तुर्कस्तानापासून हिंदुस्थानच्या सीमेपर्यंत वणवा पेटविण्याचा जर्मनांचा डाव आहे, अशी शंका ते व्यक्त करतात. हॅने, सँडी आर्बथनॉट, अमेरिकन ब्लेंकिरन आणि दक्षिण आफ्रिकेतील जुना शिकारी पीटर पीनार हे शत्रूच्या मुलखातून निरनिराळ्या मार्गांनी प्रवास करतात. कॉन्स्टँटिनोपल येथे १७ जानेवारी १९१६ ही तारीख त्यांच्या भेटीसाठी ठरलेली असते. तेथून कथानक पूर्वेला एर्झुरूमकडे वळते. एर्झुरूममध्ये घरांच्या छपरांवरून पळ काढीत असता हॅनेच्या हाती जर्मन अधिकारी श्टुम याच्या ताब्यातील लष्करी नकाशा लागतो. त्या नकाशावरून तटबंदीतील कच्चे दुवे उघड होतात, आणि पीटर तो नकाशा घेऊन बर्फातून दोन सैन्यांच्या मधली भूमी ओलांडून रशियनांपर्यंत पोहोचतो. पुढे शहर पडते. पळणाऱ्या तुर्की सैन्याच्या पाठीवर कोसॅक घोडदळ धावते. आणि हिरवा अंगरखा ल्यालेला सँडी त्या दौडीत असताना, लोक ज्याची वाट पाहत होते तो धर्मपुरुष जणू खरोखरच अवतरला, अशा भासावर कादंबरी संपते.

ह्या रचनेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. वेग, स्थलवर्णनातील नेमकेपणा, चार धाग्यांची शेवटी पडणारी गाठ, ह्या बाबतीत अद्भुतरम्य कादंबरीच्या प्रकारात 'ग्रीनमँटल'चे स्थान वरचे आहे. प्रश्न आहे तो नकाशाचा. कथानकात एर्झुरूमच्या पाडावाचे कारण म्हणून नकाशाच वाचकाच्या मनावर ठसतो. जे दुर्ग अजिंक्य वाटत होते ते एका कागदामुळे जिंकले गेले. आणि तो कागद चार मित्रांच्या धाडसामुळे मिळाला.

३

आता प्रत्यक्ष घटनेकडे वळावे. एर्झुरूम हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. त्याच्या पूर्वेला देवे-बोयनू, म्हणजे 'उंटाची मान', ह्या नावाची डोंगरओळ असून काकेशसकडून येणाऱ्या सैन्याला तीच ओलांडावी लागते. ह्या ओळीवर तुर्कांनी दुर्गांची साखळी उभारली होती आणि दोन्ही बगलांना स्वतंत्र दुर्ग होते. उत्तरेकडील कार्गापझार हा उंच पहाड मात्र हिवाळ्यात कोणतेही सैन्य ओलांडू शकणार नाही, अशा समजुतीने जवळजवळ मोकळा राहिला होता. कच्चा दुवा होता तो हा. तो कोणत्याही तिजोरीत दडलेला नव्हता; तो साऱ्या जगाला दिसेल असा आकाशात उभा होता. त्याचे रक्षण बर्फ करीत होते.

रशियन सेनापती निकोलाय युदेनिच यांनी हिवाळ्यातच चढाई करण्याचा आग्रह धरला, ह्याचे कारण स्पष्ट होते. ९ जानेवारी १९१६ पर्यंत ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने गॅलिपोली पूर्णपणे सोडले. त्यामुळे मोकळ्या झालेल्या तुर्की पलटणी वसंत ऋतूपर्यंत पूर्व आघाडीवर येऊन पोहोचणार हे उघड होते. थांबणे म्हणजे दुप्पट शत्रूशी लढणे होते. १० जानेवारीला क्योप्र्युक्योयच्या बाजूने रशियन हल्ला सुरू झाला आणि साधारण दहा दिवसांत तुर्कांची बाहेरची फळी मोडली. तुर्कांच्या तिसऱ्या सैन्याचे सेनापती महमूद कामिल पाशा ह्या वेळी आघाडीवर नव्हते. त्यांचे जर्मन चीफ ऑफ स्टाफ गूझे हेही रजेवर होते. हिवाळ्यात काही घडणार नाही, ही खात्री इतकी दृढ होती. कादंबरीतील चार मित्र ज्या दिवशी कॉन्स्टँटिनोपलमध्ये भेटतात, त्या दिवशी एर्झुरूमच्या पूर्वेकडील पहिला बांध प्रत्यक्षात फुटत चालला होता, हा योगायोग अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मुख्य हल्ला ११ फेब्रुवारीला सुरू झाला. त्याच रात्री दालांग्योझ दुर्ग रशियन तुकड्यांनी घेतला व प्रतिहल्ले सोसून राखला. एका रायफल डिव्हिजनने कार्गापझारचा पहाड चढून पलीकडची बगल गाठली. तोफा माणसांच्या हातांनी बर्फातून ओढून वर नेल्या गेल्या. १४ तारखेला ताफ्ता दुर्ग पडला, आणि १६ फेब्रुवारीच्या सकाळी कोसॅक शहरात शिरले. तीनशेहून अधिक तोफा विजेत्यांच्या हाती लागल्या. रशियनांचे सुमारे १००० सैनिक ठार व सुमारे ४००० जखमी झाले. आणि हिमदंशाने निकामी झालेल्यांची संख्याही जखमींच्या जवळपास भरली.

ही शेवटची संख्या बोलकी आहे. ह्या मोहिमेत थंडी हा शत्रू तुर्कांइतकाच मोठा होता, आणि त्या शत्रूशी लढण्याची तयारी महिनोन्‌महिने चालली होती. सैनिकांना आखूड लोकरी कोट, जाड पायजमे, नमद्याचे बूट, बर्फात दिसून येऊ नये म्हणून पांढरे अंगरखे व हिमाच्या चकाकीपासून डोळे वाचविण्यासाठी काळे चष्मे देण्यात आले. पहाडावर झाडझुडूप नसल्यामुळे प्रत्येकाने आपल्याबरोबर सरपणाचे ओंडके वाहून नेले. ह्या तयारीचे मोल कळण्यासाठी एक वर्ष मागे जावे लागते. १९१४ च्या डिसेंबरात एन्वर पाशा यांनी ह्याच प्रदेशात, ह्याच ऋतूत सारीकामिश घेण्यासाठी चढाई केली होती. त्यांची योजना कागदावर धाडसी आणि देखणी होती. परंतु हजारो सैनिक अपुऱ्या कपड्यांनिशी डोंगर चढताना गोठून गेले, आणि सैन्याचा मोठा भाग लढाईपूर्वीच नष्ट झाला. त्या वेळी रशियन बाजूने बचावाची सूत्रे हलविणाऱ्यांत युदेनिच हेच प्रमुख होते. त्यांनी जो धडा घेतला तो नकाशाचा नव्हता. तो बुटांचा आणि सरपणाचा होता.

४

येथे एक आक्षेप उभा राहतो व त्याला उत्तर देणे प्राप्त आहे. टी. ई. लॉरेन्स यांनी आपल्या चरित्रकारांजवळ पुढे असे सूचित केले होते की, एर्झुरूमच्या पाडावामागे तेथील असंतुष्ट अरब अधिकाऱ्यांशी रशियनांचे गुप्तपणे जुळवून दिलेले संधान होते, आणि 'ग्रीनमँटल'मध्ये सत्याचा अंश बराच आहे. लॉरेन्स यांचे हे म्हणणे मान्य केले, तर नकाशाची कल्पना अगदीच निराधार ठरत नाही. युद्धात गुप्त वार्तेचा उपयोग होत नाही असे कोणीही म्हणणार नाही. ह्या मोहिमेत विमानांतून टेहळणी झाली, शत्रूची दिशाभूलही करण्यात आली. परंतु वार्तेने वाट दाखविली तरी ती वाट चालावी लागते. वितुष्ट आलेला अधिकारी दुर्गाचे दार दाखवू शकतो. तोफ पहाडावर चढवू शकत नाही. नकाशा हे कारणांपैकी एक असू शकते. कादंबरीत ते एकमेव कारण होते, आणि दोष असलाच तर तो ह्या एकमेवपणात आहे.

हा दोष केवळ माहितीच्या अभावातून आला काय? अंशतः तसे म्हणता येईल. मोहिमेचा सविस्तर इतिहास पुष्कळ नंतर उपलब्ध झाला. युदेनिच यांच्याबरोबर काम केलेल्या मास्लोव्स्की यांचा ग्रंथ १९३३ साली, आणि ॲलन व मुरातॉव यांचा काकेशसमधील युद्धांवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. १९१६ साली लिहिणाऱ्याला नमद्याचे बूट ठाऊक असावेत, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. परंतु पहाड आणि हिवाळा हे कोणालाही ठाऊक होते. बुकन तर त्याच काळात महायुद्धाचा चोवीस भागांतील इतिहास लिहीत होते. भूगोल आणि रसद ह्यांचे युद्धातील महत्त्व त्यांना अपरिचित असणे शक्य नाही. तेव्हा दोषाचे मूळ माहितीत नसून रचनेत शोधले पाहिजे.

हे मूळ प्रथमपुरुषी निवेदनात सापडते. कथा हॅने सांगतो. जे हॅनेच्या डोळ्यांपुढे घडत नाही ते कथेत येऊ शकत नाही, आणि जे कथेत निर्णायक आहे त्याच्याशी हॅनेचा संबंध असलाच पाहिजे. साठ-सत्तर हजारांचे सैन्य ज्या गोष्टीमुळे पहाड चढू शकले ती गोष्ट एका माणसाच्या अनुभवात मावत नाही. नकाशा मात्र एका माणसाच्या खिशात मावतो. म्हणून ह्या निवेदनपद्धतीला नकाशाच हवा असतो. पद्धतीने कारण निवडले. कारणाला अनुसरून पद्धत निवडली गेली नाही. औचित्याच्या दृष्टीने पाहता कादंबरीतील खरा विसंवाद हा आहे.

ह्या निष्कर्षाला कादंबरीतच एक पुरावा सापडतो, आणि तो तिच्या बाजूचाही आहे. पीटर पीनार नकाशा घेऊन जातो ते प्रकरण हॅनेच्या प्रत्यक्ष अनुभवातील नाही. पुढे बर्गन येथे बोटीची वाट पाहत असता शेगडीजवळ बसून पीटरने ती हकीकत सांगितली, अशी योजना करून बुकन यांनी ती जवळजवळ तृतीयपुरुषी निवेदनात मांडली आहे. साऱ्या कादंबरीत हेच प्रकरण सर्वांत सकस उतरले आहे. येथे संवादांची चमक नाही, वेषांतराची करामत नाही. एक वयस्क मनुष्य तोफांच्या माऱ्याखाली बर्फात दडून राहतो, थंडी आणि भीती ह्यांच्याशी झगडतो, आणि रात्र पडली की पुढे सरपटतो. नायकाच्या डोळ्यांचे बंधन सैल होताच हिवाळा कथेत शिरतो. युद्धाची कारणे वाहून नेणारी शरीरे क्षणभर दिसू लागतात. हे एक शरीर आहे, हजारो नव्हेत. परंतु बुकन यांच्या प्रतिभेला ती वाट ठाऊक होती, एवढे ह्यावरून सिद्ध होते.

५

एर्झुरूमवर लिहिणाऱ्या साहित्यिकांत बुकन पहिले नव्हते. १८२९ साली पास्केविच यांच्या सैन्याने हे शहर घेतले तेव्हा पुश्किन सैन्याबरोबर होते. झारची परवानगी न घेता ते काकेशसला गेले होते. त्यांचे 'एर्झुरूमचा प्रवास' हे गद्यलेखन १८३६ साली त्यांच्याच 'सोव्रेमेन्निक' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ती मोहीम उन्हाळ्यातील होती, त्यामुळे ऋतूची तुलना येथे अप्रस्तुत आहे. तुलना दृष्टीची आहे. कवीने विजयाची स्तोत्रे गावीत, अशी अपेक्षा त्या काळी होती, आणि पुश्किन यांनी ती पूर्ण करण्याचे नाकारले. त्यांच्या लेखनात रस्ते आहेत, मुक्काम आहेत, तेहरानमध्ये मारल्या गेलेल्या ग्रिबोयेदोव्ह यांचे शव घेऊन येणाऱ्या बैलगाडीची वाटेत पडलेली गाठ आहे, आणि अखेरीस शहरातील प्लेगची छावणी आहे. शहर पडते, परंतु ते कोणाच्या युक्तीने पडले असा आभास लेखक निर्माण करीत नाही. साक्षीदाराने आपण पाहिले तेवढेच सांगावे आणि जे पाहिले नाही त्याच्या कारणस्थानी स्वतःला बसवू नये, हा संयम त्यांनी पाळला. प्रथमपुरुषी निवेदन दोघांचेही आहे. म्हणजे ते निवेदन स्वभावतःच कार्यकारणभावाला विकृत करते असे नव्हे. निवेदक घटनेचा साक्षी राहतो की कर्ता बनतो, ह्यावर सर्व काही अवलंबून आहे.

निवेदक कर्ता बनला म्हणजे आणखी एक गोष्ट ओघानेच घडते : इतर कर्ते व भोक्ते दृष्टीआड होतात. १९१६ साली रशियन सैनिक शहरात शिरले तेव्हा एके काळी मोठ्या संख्येने तेथे राहणाऱ्या आर्मेनियनांपैकी फारच थोडे उरले होते. १९१५ च्या हद्दपारीने आणि हत्याकांडाने ती वस्ती नष्ट केली होती. एर्झुरूम ह्या नावाचा त्या वर्षातील सर्वांत भीषण अर्थ हा होता. 'ग्रीनमँटल'च्या कथानकाला मात्र ह्या रिकाम्या घरांचे काही प्रयोजन नाही. नकाशा ज्या शहराचा आहे, त्या शहराच्या रहिवाशांचे काय झाले, हा प्रश्न त्या कथेच्या चौकटीत निर्माणच होत नाही.

मराठी अभ्यासकाला अधिक जवळचे असे दुसरे उदाहरण कादंबरीच्या आरंभीच आहे. सर वॉल्टर यांचा मुलगा हॅरी हा मेसोपोटेमियातील कुट येथे डेलामेन यांच्या छावणीत गोळ्यांनी विद्ध होऊन येतो, आपले नाव कसेबसे पुटपुटतो आणि मरतो; त्याच्याजवळ सापडलेल्या कागदावरील मोजक्या खुणांतून सारे कथानक निघते. डेलामेन हे काल्पनिक पात्र नव्हे. हिंदी सैन्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील १६व्या ब्रिगेडचे ते सेनापती होते, आणि त्या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती. त्याच डिव्हिजनमध्ये १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री ह्याही पलटणी होत्या. कादंबरीतील गूढ ज्या छावणीत जन्म घेते, तिच्यातील राहुट्यांत मराठी बोलली जात होती. हिंदुस्थानच्या सीमेवर वणवा पेटेल, ह्या भयावर कादंबरी उभी आहे. परंतु हिंदुस्थानातून आलेला एकही सैनिक तिच्यात व्यक्ती म्हणून उभा राहत नाही. डिसेंबर १९१५ पासून हेच सैन्य कुटमध्ये वेढले गेले होते. एर्झुरूम पडल्याची वार्ता आली तेव्हा त्याला अजून आशा होती. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी अवस्थेत त्याने शस्त्रे खाली ठेवली, आणि पुढील बंदिवासात कितीतरी जण मरण पावले. 'ग्रीनमँटल' पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा ही शरणागती जुनी झाली होती. नकाशाने एक शहर जिंकून देणाऱ्या कथेला, अन्नाअभावी हरलेल्या दुसऱ्या शहराची आठवण सोसली नसती. दोन्ही ठिकाणी निर्णय रसदीने केला होता, हे तिने उघड केले असते.

६

ह्या विवेचनाचा हेतू बुकन यांच्या कादंबरीला खोटे ठरविण्याचा नाही. रंजनाचे तिचे उद्दिष्ट ती उत्तम रीतीने साधते, आणि युद्धकाळातील ब्रिटिश वाचकाला धीर देण्याचे जे काम त्या वर्षात तिने केले त्याचेही ऐतिहासिक मूल्य आहे. परंतु रंजनाच्या ओघात तिने एक समजूत दृढ केली, आणि ती समजूत तिच्यापुरती मर्यादित राहिली नाही. पुढील काळातील हेरकथांनी व युद्धपटांनी ती वारसाहक्काने घेतली. मोठ्या विजयामागे एखादे रहस्य असते आणि ते मूठभर धाडशी माणसांच्या हाती असते, ही ती समजूत होय. तिच्यामुळे युद्ध सोपे वाटू लागते. सारीकामिशचा बेत आखणाऱ्यांनाही ते सोपेच वाटले होते.

म्हणून युद्धविषयक कादंबरीच्या अभ्यासात तपशील व संभवनीयता ह्यांच्या जोडीला कारणाच्या प्रमाणबद्धतेचा प्रश्न नियमाने विचारला गेला पाहिजे. कादंबरीत घटनेचे ओझे कोणाच्या खांद्यावर दिले आहे, आणि प्रत्यक्षात ते कोणी वाहिले? एर्झुरूमच्या बाबतीत ह्याचे उत्तर पाठीवर सरपण बांधून कार्गापझार चढणाऱ्या सैनिकांकडे बोट दाखविते. 'ग्रीनमँटल'मध्ये ते सैनिक शेवटच्या पानांवर विजयी घोडदळाच्या रूपाने प्रथम नीट दिसतात, तोवर त्यांचे काम संपलेले असते.